पाय धुणे आणि हिशेब देणे



नांदुऱ्याला गाडीतून उतरून बसने इकडे येत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "सर, आज कशावर बोलणार?" आम्ही म्हटले, "ख्रिस्ती मंडळीतल्या नम्र नेतृत्वावर." ते हसले. म्हणाले, "नम्र आणि पुढारी, दोन्ही एकाच माणसात? निवडणुकीच्या आधी असते म्हणा तसे." हात जोडतो, वाकून बोलतो, तो नम्र, असे आपण सगळेच धरून चालतो. आज त्यावरच बोलायचे आहे.

आधी एक शब्द. ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतात ते चर्चच्या इमारतीला नाही, तिथे जमणाऱ्या माणसांना. अकोला-खामगावकडे अलायन्स मिशनचे काम झाले, त्यामुळे आपल्यापैकी काहींना हा शब्द परका नसावा. या मंडळीचा पुढारी कसा असावा, याचे एक चित्र योहानाच्या शुभवर्तमानात, 13 व्या अध्यायात आहे. शेवटचे जेवण चालू असताना येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. धुळीच्या वाटा तुडवून आलेल्याचे पाय धुणे हे त्या काळी नोकराचे काम. पेत्र बिचारा संकोचतो, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत म्हणतो. आजही पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. सुंदर विधी आहे. पण शुक्रवारी तिजोरीची किल्ली कोणाकडे असते, हे कोणी विचारत नाही.

आम्ही हे टोचून बोलतो आहोत, पण टोच आम्हालाच आहे. नोकरीला लागून चारपाच वर्षे झाली होती, तेव्हा एका मंडळीच्या पंचांत आमचे नाव होते. नाव सांगत नाही. पाळक अतिशय साधे. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन स्वतः झाडू मारायचे, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवायचे. मंडळीत विधवांसाठी एक छोटा निधी होता. एका मिटिंगमध्ये कोणीतरी त्याचा हिशेब मागितला. पाळकांच्या डोळ्यांत पाणी आले. "तुम्हाला माझा भरवसा नाही?" एवढेच म्हणाले. झाले! विचारणाराच खजील झाला. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे, कॉलेजात विद्यार्थ्यांना सांगायचो की प्रश्न विचारा, आणि तिथे मान खाली घालून बसलो. पुढे तीन वर्षे तो विषय कोणी काढला नाही.

याच्या उलट काय असते, ते प्रेषितांच्या कृत्यांत 6 व्या अध्यायात बघा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांना रोज अन्नवाटप होत असे. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी कुरकुर केली की आमच्या विधवांना डावलले जाते. प्रेषित खुद्द येशूबरोबर हिंडलेले लोक. 'आमच्यावर संशय घेता?' असे ते म्हणू शकले असते. ते म्हणाले, तुमच्यातूनच सात माणसे निवडा, हे काम त्यांच्याकडे देऊ. लोकांनी सात निवडले. स्तेफन, फिलिप्प, निकोलास... यादी वाचून पाहा, सातही नावे ग्रीक आहेत! नावावरून माणसाचा गट पक्का ठरत नाही, हे मान्य. तरीही अर्थ बऱ्यापैकी उघड आहे: ज्यांची तक्रार होती, वाटप बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती गेले. आपल्याकडे तक्रार आली की चौकशी समिती नेमतात, आणि तिच्यात कोण असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

पौलाचेही तसेच. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने वर्गणी गोळा केली. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, 8 व्या अध्यायात, तो सांगतो की पैसे पोचवायला मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर आहे, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा नको. कारण काय देतो? आपले वागणे देवासमोर तर चोख हवेच, माणसांसमोरही हवे. ही दुसरी अर्धी बाजू आमच्या पाळकांनी सोडली होती. देव जाणतो, हे त्यांना पुरेसे वाटत होते.

आता आपल्या मराठी मुलखातला माणूस घेऊ. नारायण वामन टिळक. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, मग अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते काम करू लागले, 1904 मध्ये पाळक झाले. पगार, मान, सगळे मिळाले. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनऱ्यांशी त्यांचे भांडण नव्हते. पण पगार देणारा मालक आणि घेणारा नोकर, असे नाते असताना भाऊपणा टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. 1919 साली ते गेले, म्हणजे दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली.

टिळक स्वभावाने मवाळ मुळीच नव्हते, बरं का. तापट होते. हातातले दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे आणि घरात ओढाताण लक्ष्मीबाईंची व्हायची. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे सांगायला नको. त्यागाची किंमत दुसऱ्याने भरायची, हे आम्हाला पटत नाही, आणि टिळकांवरची आमची ही तक्रार कायम आहे. पण पद आणि पगार सुटल्यावरही त्यांच्या शब्दाचे वजन उणे झाले नाही, हेही मान्य करावे लागते.

तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती लोकांचे आम्हाला काय? अहो, शेगाव तुमच्या शेजारी आहे. शिवशंकरभाऊ पाटलांनी कितीतरी वर्षे संस्थानचा कारभार पाहिला, आणि संस्थानातले स्वतःसाठी काही घेतले नाही, असे इथला शेतकरीसुद्धा सांगतो. धर्म वेगळा, कसोटी तीच.

आता त्या निधीचे राहिलेले सांगतो. पाळकांची बदली झाली, नवे आले, त्यांनी वही पंचांपुढे ठेवली. एका रुपयाचीही अफरातफर निघाली नाही. विधवांचे पैसे छपराच्या दुरुस्तीला गेले होते. पावसाळा तोंडावर होता, पाळकांना ते योग्य वाटले, आणि कोणाला विचारावे असे वाटले नाही. एका विधवेच्या मुलीची फी त्या वर्षी भरली गेली नव्हती. आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा मुलगी शाळा सोडून कापूस वेचायला जाऊ लागली होती. तिच्या आईने आम्हाला चहा दिला आणि म्हणाली, "पाळकसाहेब चांगले होते हो. तुम्ही पंच होते ना, मला वाटलं तुम्ही विचारलं असेल."