हिरवळ वाळते तेव्हा मूळ पाहा

हरळीची ओळख शेतकऱ्याला सांगायला नको. ती शेतात शिरली, की खणून-वेचून माणूस थकतो. ती मात्र मरत नाही. पण हीच चिवट हरळी शाळेपुढं हौसेनं लावली, की कधी कधी भाद्रपदात, पाऊस चांगला झालेला असतानाही, ठिगळाठिगळांनी पिवळी पडते आणि वाळून जाते. असं का व्हावं?

आमच्या कॉलेजच्या आवारात एका वर्षी हेच घडलं. मी माळीबुवांना म्हटलं, "पाणी कमी पडतंय." त्यांनी पाणी वाढवलं. मग खत घातलं. ठिगळं मोठीच होत गेली. अखेर माळीबुवांनी वाळक्या गवताला मूठ घालून ओढलं. घोंगडी उचलावी तसा गवताचा थर हातात आला! खाली मुळं नव्हतीच. होत्या त्या पांढऱ्या, जाड, अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या, तांबूस डोक्याच्या अळ्या. "सर, ही हुमणी," ते म्हणाले. पुस्तकं शिकवणाऱ्या मला त्या दिवशी एक धडा मिळाला: पान वाळलं, तर आधी मूळ पाहावं.

तुम्हीही तसंच ओढून पाहा. गवत सहज निघून आलं आणि खाली अळ्या दिसल्या, तर हुमणी. गवत घट्ट आहे आणि जमीनही पायवाटेसारखी टणक झाली आहे, तर मुळांना हवा मिळत नाही. ती जागा खुरप्यानं मोकळी करा. मुळं काळी पडून कुजली असतील, तर पाणी साचतं आहे, चर काढा. आणि गवत अगदी बुडापर्यंत कापत असाल, तर थांबा. मुळाचं अन्न पानातच तयार होतं.

आता हुमणीचं वर्ष समजून घेऊ. वळवाचे किंवा मृगाचे पहिले पाऊस झाले, की तिचे भुंगेरे दिवस मावळल्यावर जमिनीतून वर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. तिथं पाला खातात, जोड्या जमतात. पुढं मादी मातीत सुमारे साठ अंडी घालते. अळी लहान असताना कुजका पालापाचोळा खाते, मोठी झाल्यावर मुळांवर येते. आपल्याला गवत वाळलेलं दिसतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे तिचं निम्मं काम उरकल्यावर.

म्हणून इलाज जूनमध्ये आणि झाडाखाली करायचा. पहिल्या पावसानंतर रोज अंधार पडल्यावर फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे गोळा करा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. अर्धवट कुजलेलं शेणखत घालू नका. अळ्या लहान असताना ओल्या मातीत मेटारायझियम ही बुरशी मिसळली, तर त्या रोगानं मरतात.

मात्र एकट्यानं हे भागत नाही. तुम्ही तुमचा कडुनिंब झाडलात आणि शेजाऱ्यानं बाभळीवरचे तसेच ठेवले, तर ते तुमच्याच जमिनीत उतरतील. मास्तर, तुमच्या शाळेची हिरवळ गुंठाभर असेल. पण हाच किडा गावातला ऊस आणि भुईमूगही खातो. तेव्हा गवताखाली अळी सापडली, तर ती मुलांना दाखवा आणि चावडीवरही दाखवा. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल, त्या संध्याकाळी सगळं गाव कंदील घेऊन झाडाखाली हजर असायला हवं.