पेढीवरून कौन्सिलात

अरब आणि अफगाण व्यापारी मुंबईला उतरले की आपली मौल्यवान ठेव बँकेपेक्षा एका मराठी माणसाकडे ठेवणं पसंत करत, असं सांगतात. हा माणूस म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, अर्थात नाना. जन्म मुरबाडचा, १८०३ सालचा. दैवज्ञ घराणं, वडिलार्जित व्यापार आणि ऐश्वर्य.

एवढ्यावर माणूस सुखाने राहिला असता. नानांना मात्र स्वस्थ बसवेना. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत ते आगगाडीच्या खटपटीत पडले आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे संचालक झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली, तिच्यामागे हेही हात होते. मुलींच्या शाळेचं नाव काढलं तरी नाकं मुरडली जात, त्या काळात त्यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात ती भरू दिली.

मला सर्वात नवल वाटतं ते मात्र एका अर्जाचं. २६ ऑगस्ट १८५२ ला बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. कंपनी सरकारच्या सनदेची मुदत संपत आली होती. हीच वेळ साधून असोसिएशनने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला : राज्यकारभाराच्या कौन्सिलांत इथल्या लोकांनाही घ्या. त्या संस्थेत पुढाकार नानांचा. मग १८५७ उजाडलं. बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय खुद्द नानांवर आला. सिद्ध काहीच झालं नाही.

आणि पाचच वर्षांत त्याच सरकारने त्यांना कायदे करायला बोलावलं! २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईचं कायदेकौन्सिल पहिल्यांदा भरलं. त्यात हिंदी सभासद चार : सावनूरचे नवाब, सरदार विंचूरकर, रुस्तमजी जमशेटजी आणि नाना. निवडणूक वगैरे काही नाही, गव्हर्नर नेमेल तो सभासद.

अधिकार किती, तर समोर आलेल्या कायद्याच्या मसुद्यावर बोलायचं. अंदाजपत्रकावर चर्चा नाही, सरकारला प्रश्न विचारायची सोय नाही. आज पुण्यात बावधनचे टँकर किंवा चांदणी चौकातली कोंडी यांवर तिथला आमदार तारांकित प्रश्न टाकून मंत्र्याला उत्तर द्यायला लावू शकतो. ज्यांच्या शब्दावर परदेशी व्यापारी विसंबत, त्या नानांना तेवढंही करता येत नव्हतं. कौन्सिलाबाहेर, शाळा काढताना किंवा रेल्वेसाठी धडपडताना, त्यांचं वजन आतल्यापेक्षा जास्त होतं, असं मला वाटतं.

३१ जुलै १८६५ ला नाना गेले. सभासदांना प्रश्न विचारायची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली, तीही आगाऊ सूचना देऊन. उत्तर पटलं नाही म्हणून उपप्रश्न विचारायला १९०९ पर्यंत थांबावं लागलं.