यंत्रकुत्र्याची साक्ष

माणसाच्या आकाराचा, बंदूक घेतलेला रोबो पोलिसांनी वस्तीत उतरवला तर लोक दारे लावून घेतील. त्याऐवजी चार पायांचा, कुत्र्यासारखा दुडक्या चालीचा रोबो आणला आणि ‘हा जीव घेत नाही’ असे सांगितले, तर तेच लोक बघायला गोळा होतील. ‘कोड ८: पार्ट टू’ हा कॅनेडियन विज्ञानपट नेमका या फरकावर उभा आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. अंगात अचाट शक्ती असलेली माणसे म्हटली की आपण केप आणि मुखवटे शोधतो, आणि ते इथे नाहीत.

इथे आहे तो मजूर नाका. २०१९ च्या पहिल्या भागात नायक कॉनर रीड रोजंदारीवर काम मिळेल या आशेने रस्त्याकडेला उभा असतो. त्याच्या हातातून वीज निघते. कल्पित लिंकन सिटीत अशी माणसे चार टक्के आहेत. कोणी आग पेटवतो, कोणी हात न लावता वजन उचलतो, कोणी दुसऱ्याच्या मनातले वाचतो. विसाव्या शतकात शहर उभारण्यासाठी याच लोकांना राबवले गेले. पुढे यंत्रे आली आणि त्यांची गरज संपली. उरली ती नोंदणी. शक्ती असेल तर सरकारदरबारी नाव हवे, आणि नाव लागले की काम मिळणे अवघड. लपूनछपून काम करावे तर मुकादम अर्ध्या मजुरीवर बोळवण करतो. तक्रार केली तर पोलिस येतात. कॉनरच्या आईला मेंदूचा आजार आहे, उपचाराला पैसा नाही, आणि म्हणून तो गॅरेट नावाच्या गुन्हेगाराच्या टोळीत ओढला जातो.

दिग्दर्शक जेफ चॅन यांनी केलेली ही मांडणी मला दोन्ही भागांतली सर्वांत भक्कम गोष्ट वाटते. ‘मार्व्हल’च्या ‘एक्स-मेन’ चित्रकथांची परंपरा १९६३ पासूनची. तिथेही वेगळ्या माणसांचा द्वेष आहे, त्यांना हुडकणारे सेंटिनल रोबो आहेत. पण त्या माणसांना राहायला वाडा आहे, उडायला विमान आहे आणि सोबतीला एक श्रीमंत प्राध्यापक आहे. लिंकन सिटीतल्या लोकांना घरभाड्याची चिंता आहे. त्यांचे शोषण इतके पुरे आहे, की ‘सायक’ नावाचे अमली द्रव्य त्यांच्याच मणक्यातल्या द्रवापासून बनते. आधी श्रम घेतले, मग हक्क, शेवटी शरीरच कच्चा माल.

पहिला चित्रपट उभा राहिला तोही लोकवर्गणीवर. २०१६ मध्ये चॅन यांनी रॉबी आणि स्टीफन अमेल या चुलतभावांना घेऊन काही मिनिटांचा लघुपट केला, तो इंटरनेटवर टाकला आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी २ लाख डॉलर मागितले. जमले २० लाखांहून जास्त. स्टुडिओचा हात डोक्यावर नसल्याने पहिल्या भागात खर्चाची ओढाताण दिसते, आणि तीच त्याला मानवते. सुपरहिरोपटांतली पडझड परवडत नाही म्हणून कॅमेरा माणसांच्या चेहऱ्यांवर आणि गळक्या छपरांवर राहतो.

पहिल्या भागातले पोलिस ड्रोनमधून ‘गार्डियन’ उतरवतात. हे माणसाच्या उंचीचे सशस्त्र रोबो. आकाशातून पडतात, बजावतात आणि गोळी घालतात. त्यांच्याविषयी कोणाला भ्रम नाही. दुसऱ्या भागात पाच वर्षे तुरुंगात काढून कॉनर बाहेर येतो आणि एका समाजकेंद्रात झाडलोट करू लागतो. दरम्यान शहर ‘सुधारलेले’ असते. गार्डियन फार माणसे मारतात अशी ओरड झाल्याने पोलिसांनी के-नाइन हे यंत्रकुत्रे आणलेले असतात. ते जीव घेत नाहीत, वस्तीशी जुळवून घेतात, असा त्यांचा गाजावाजा. या सुधारणेचा चेहरा म्हणजे सार्जंट किंग्स्टन. लोकांत मिसळणारा, गोड बोलणारा, वस्तीत मान असलेला. अॅलेक्स मल्लारी ज्युनियर यांनी त्याला असा रंगवला आहे, की पहिली काही मिनिटे आपलाही त्याच्यावर विश्वास बसतो.

हाच किंग्स्टन गॅरेटच्या नशेच्या धंद्याला संरक्षण देऊन वाटा घेतो. त्या पैशांच्या भानगडीत तारक नावाचा तरुण पोलिसांच्या हातून मारला जातो आणि त्याची चौदा वर्षांची बहीण पावनी ते पाहते. नावे ऐकून आपले कान टवकारतात. चित्रपट मात्र या भावंडांच्या मुळांबद्दल अवाक्षर काढत नाही. त्यांचे वेगळेपण शक्तीपुरतेच ठेवतो. पावनीची शक्तीही कथेच्या सोयीची आहे: विजेवर चालणाऱ्या यंत्रणेशी ती थेट जोडून घेऊ शकते. म्हणजे घटनेला दोन साक्षीदार उरतात. एक ही मुलगी आणि दुसरा तो कुत्रा, ज्याच्या डोळ्यांतल्या कॅमेऱ्याने सारे टिपले आहे. मुलीच्या शब्दाला किंमत नाही. कुत्र्याच्या स्मृतीला आहे, पण ती पोलिसांच्या ताब्यात आहे. पुढचा पाठलाग मी सांगत नाही.

यातले कल्पित किती? फार थोडे. बोस्टन डायनॅमिक्स या कंपनीचा ‘स्पॉट’ हा चार पायांचा रोबो २०२० मध्ये सुमारे ७५ हजार डॉलरला बाजारात आला. न्यूयॉर्क पोलिसांनी तो भाड्याने घेतला आणि त्याचे ‘डिजिडॉग’ असे लाडिक नाव ठेवले. २०२१ च्या सुरुवातीला ब्रॉन्क्समध्ये तो फिरतानाची चित्रफीत पसरली आणि गरीब वस्त्यांवर हे कशाला सोडता, असा गदारोळ उठला. त्या एप्रिलमध्ये करार मोडावा लागला. दोनच वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, महापौर एरिक अॅडम्स यांनी साडेसात लाख डॉलर खर्चून असे दोन कुत्रे पुन्हा आणल्याचे जाहीर केले. या वेळी ओरड कमी झाली. लोक सरावले होते, की दमले होते, कोण जाणे.

खऱ्या स्पॉटला शस्त्र नाही. बोस्टन डायनॅमिक्सने आणि आणखी पाच रोबो कंपन्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर पत्र काढून आपल्या अशा यंत्रांवर हत्यारे बसवणार नसल्याचे म्हटले. पत्र चांगलेच आहे. पण जुलै २०१६ मध्ये डॅलसमध्ये पाच पोलिसांना ठार करणाऱ्या हल्लेखोराला पोलिसांनी उडवले, ते बॉम्ब निकामी करण्यासाठी घेतलेल्या रोबोच्या हाती स्फोटके देऊन. ते यंत्र जीव वाचवायला विकत घेतले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने पोलिसांना अपवादात्मक प्रसंगी रोबोकरवी माणूस मारण्याची मुभा ८ विरुद्ध ३ मतांनी दिली; लोक रस्त्यावर आल्यावर आठवड्याभरात ती मागे घेतली. यंत्र कोणत्या कामासाठी आणले, याला फार अर्थ नसतो. ते कोणाच्या हुकुमात आहे, यालाच अर्थ असतो.

दुसऱ्या भागाचे मोठेपण मला इथे दिसते. पहिल्या भागाने विचारले होते, यंत्राला माणूस मारू द्यावा का? उत्तर सोपे होते. दुसरा भाग विचारतो, यंत्राने पाहिलेले कोणाच्या मालकीचे? पोलिसांच्या अंगावर कॅमेरे लावा, ठाण्यात कॅमेरे लावा, म्हणजे अत्याचार थांबतील, असे आपण बरीच वर्षे मानत आलो. कॅमेरा खोटे बोलत नाही हे खरे. पण चित्रण उघड करायचे की दडवायचे, ठेवायचे की पुसायचे, हे ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच ठरवायचे असेल, तर तो कॅमेरा साक्षीदार कसला? तो खात्याचा नोकर झाला. किंग्स्टनला कुत्रा हवा असतो तो त्याच्या दातांपेक्षा या इमानासाठी.

चित्रपट म्हणून मात्र दुसरा भाग पहिल्याच्या मागेच राहतो. नाका गेला, मजुरी गेली, आजारी आईची निकड गेली. त्या जागी लपा-पळा-लपा असा ओळखीचा ढाचा आला. स्टीफन अमेलचा गॅरेट तेवढा भाव खाऊन जातो. स्वतःच्या वस्तीचा तारणहार म्हणवत तिलाच नशा विकणारा हा माणूस किंग्स्टनहून फारसा वेगळा नाही, हे त्याला कळत असते. सिरेना गुलामगौस पावनीचे दुःख आरडाओरड न करता दाखवते. बाकी पात्रे कथा पुढे ढकलण्यापुरती.

आता नोंदणीबद्दल, कारण मराठी वाचकाला ती कल्पना परकी नाही. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मानेच माणसे गुन्हेगार ठरली. नावनोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना. सोलापुरात सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणाआड ठेवलेली माणसे तिथल्या गिरण्यांना मजूर म्हणून मिळत. आधी नोंदणी आणि मग स्वस्त मजूर, हा लिंकन सिटीचा हिशेब आपल्याकडे कधीच मांडून झाला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला आणि संशय चालू राहिला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले, ते या संशयाखालच्या बालपणाचे आत्मकथन. ऑक्टोबर २०२४ मध्येसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींना जन्माने गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग नियमांवर बोट ठेवावे लागले. ते प्रकरण न्यायालयात नेणाऱ्या सुकन्या शांता मुंबईच्या पत्रकार.

त्याच २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पुरवण्यासाठी नागपुरात एक कंपनी काढली. तिचे नाव ‘मार्व्हल’. हे नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती की नाही, सांगता येत नाही. गुन्ह्याचा तपास लवकर व्हावा, याला कोणाचाच विरोध नसेल. मात्र असे यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते, आणि आपल्या जुन्या नोंदींत कोणत्या वस्त्यांची नावे जास्त वेळा लिहिली गेली, हे वर आलेच आहे.

साक्षीच्या मालकीबद्दल आपल्याकडे निदान एक स्पष्ट आदेश आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की देशातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने जपले पाहिजे; ते शक्यच नसेल तर किमान वर्षभर तरी. जवळजवळ पाच वर्षांनंतरही, सप्टेंबर २०२५ मध्ये, बंद कॅमेऱ्यांच्या बातम्यांची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तुमच्या भागातल्या ठाण्यात किती कॅमेरे चालू आहेत आणि त्यांचे चित्रण किती दिवस ठेवतात, हे माहिती अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात. जरूर विचारा.