नातीची विलायती अकरावी

ज्या घरात दहावीचे मूल असते त्या घरात टीव्ही बंद असतो, पाहुण्यांना 'परीक्षेनंतर या' असे आडून सुचवलेले असते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "मग, पुढे काय?" मी पुण्यात तेहतीस वर्षे मास्तरकी केली. असली घरे मी शेकड्यांनी पाहिली आणि तो प्रश्न मीही शेकडो मुलांना विचारला. पण २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता लेकीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा तेच घर आणि तोच प्रश्न साता समुद्रांपलीकडे आपली वाट पाहत असतील अशी मला कल्पना नव्हती.

लेक आणि जावई लेस्टर शहराजवळ राहतात. त्यांची एकुलती कन्या तेव्हा पंधरा पूर्ण होती आणि शाळेच्या अकराव्या वर्षात होती. तिकडे या वर्षाच्या अखेरीस, मे-जून महिन्यांत, जीसीएसई नावाची परीक्षा असते. आपल्या दहावीसारखीच समजा. मुले आठ-दहा विषय देतात आणि प्रत्येक विषयात नऊपासून एकपर्यंत श्रेणी मिळते. नऊ सर्वांत वर, चार म्हणजे बरे पास. निकाल ऑगस्टात. परंतु पुढची जागा मात्र परीक्षेच्या आधी, हिवाळ्यातच, शोधायला लागायचे! हे मला प्रथम उलटेच वाटले.

शब्दांचा घोळ

पहिले पंधरा दिवस माझे शब्द समजून घेण्यातच गेले. लेक म्हणाली, "बाबा, तिला सिक्स्थ फॉर्मला घालायचे आहे." मी म्हटले, अकरावीतली मुलगी सहावीत कशी जायची? मग कळले, की तिकडच्या जुन्या पद्धतीत अकराव्या वर्षापासून पहिला फॉर्म, दुसरा फॉर्म असे मोजत सोळाव्या वर्षी पाच फॉर्म पुरे होतात. त्यापुढची दोन वर्षे म्हणजे सहावा फॉर्म. बाकीची मोजणी बदलली, हे नाव टिकले.

एके दिवशी नात सांगू लागली, "आजोबा, माझी मैत्रीण बीटेक करणार आहे." सोळाव्या वर्षी बी. टेक.! मी तिच्या मैत्रिणीचे मनापासून कौतुक केले. सगळे घर हसू लागले. तिकडचे बीटेक म्हणजे धंदेशिक्षणाचा एक प्रकार. आरोग्यसेवा, खेळ, व्यापार असे विषय त्यात शिकवतात. पदवीशी त्याचा संबंध नाही.

हळूहळू चित्र स्पष्ट झाले. इंग्लंडात १९४७ पासून पंधराव्या वर्षापर्यंत आणि १९७२ पासून सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती. २००८ साली कायदा झाला आणि त्यानुसार २०१३ पासून सतरा, २०१५ पासून अठरा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाने काहीतरी शिकत राहिलेच पाहिजे असे ठरले. मात्र ते शाळेतच शिकावे अशी अट नाही. वाटा अनेक आहेत. आपल्याच शाळेत सिक्स्थ फॉर्म असेल तर तिथेच राहावे. किंवा केवळ या दोन वर्षांसाठी असलेल्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात जावे. किंवा जिथे गवंडीकामापासून पाककलेपर्यंत सारे शिकवतात अशा धंदेशिक्षणाच्या कॉलेजात जावे. नाहीतर अप्रेंटिस म्हणून पगार घेत काम करावे आणि शिकावेही. सरकारी संस्थांत या वयाला फी नसते. खर्च येतो तो बसचा, पुस्तकांचा आणि खाण्याचा.

आणि गणित किंवा इंग्रजीत चारच्या खाली श्रेणी आली, तर मूल कोणत्याही कॉलेजात जावो, तो विषय त्याला पुढेही शिकत राहावा लागतो. हा नियम मला फार आवडला. नापासाचा शिक्का मारून पोराला घरी बसवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

तीनच विषय

खरी मेख पुढेच आहे. आपल्याकडे अकरावीला शाखा निवडायची. भाषा धरून पाच-सहा विषय तरी राहतातच. इंग्लंडात विद्यापीठाकडे नेणारा हमरस्ता म्हणजे ए लेव्हल. ही परीक्षा १९५१ पासून चालत आली आहे. तिला बहुतेक मुले फक्त तीन विषय घेतात, क्वचित कोणी चार. म्हणजे काल दहा विषय शिकणारे मूल सप्टेंबरात सात विषयांना रामराम ठोकते! शाखांची कुंपणे मात्र नाहीत. भौतिकशास्त्र, इतिहास आणि संगीत असे एकत्र घेतले तरी कायद्याने कोणी अडवत नाही.

अडवते ते वेळापत्रक. नातीला वास्तुशिल्पी व्हायचे होते. तिने मनाशी गणित, भौतिकशास्त्र आणि चित्रकला असे तीन विषय ठरवले होते. तिच्या शाळेचा सिक्स्थ फॉर्म चांगला होता, पण लहान. तिथे भौतिकशास्त्र आणि चित्रकला यांचे तास एकाच वेळी येत होते; दोन्हींपैकी एकच मिळणार. शहरातल्या मोठ्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात मुले पुष्कळ, विषय पुष्कळ, त्यामुळे हे तिन्ही जमत होते. परंतु ते कॉलेज घरापासून बसने पाऊण तास, आणि शाळा दहा मिनिटांवर.

लेकीचे मत स्वच्छ होते. "शाळा ओळखीची आहे, शिक्षक लक्ष देतात. गणित, भौतिक आणि रसायन घे म्हणजे सगळी दारे उघडी राहतील. चित्रे काय, घरी काढता येतात."

माझा घास हातातच राहिला. कारण ते वाक्य माझे होते.

१९९२ साली हीच लेक दहावी झाली, तेव्हा चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा ती देऊन बसली होती. तिला मुंबईला जे. जे.त जायचे होते. गुण उत्तम होते. मी तिला सायन्सला घातले आणि म्हणालो, "चित्रे काय, घरी काढता येतात." पुढे ती इंजिनिअर झाली, चांगल्या नोकरीत आहे, सुखात आहे. तेव्हा मी चुकलो असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्या घरात मी एकही ब्रश पाहिला नाही.

तीन संध्याकाळी

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे प्रत्येक संस्था पालकांना आणि मुलांना एका संध्याकाळी घर पाहायला बोलवावे तशी बोलावते. आम्ही तीन ठिकाणी गेलो. मी निवृत्त असल्यामुळे उत्साह माझाच अधिक.

शाळेत ओळखीची माणसे, चहा, बिस्किटे आणि गेल्या वर्षी कोण कोणत्या विद्यापीठात गेले याचे तक्ते. सर्व सुरेख. फक्त शहरातल्या कॉलेजांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. जावयांनी परतताना उलगडा केला. सरकारी पैसा विद्यार्थ्याच्या मागून जातो. मूल गेले की पैसा गेला. म्हणून तर माजी शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांच्या आग्रहाने केलेले कलम २०१८ पासून लागू झाले. धंदेशिक्षणाच्या संस्थांना शाळेत येऊन मुलांशी बोलू द्यावे असे त्या कलमाने शाळांना बंधन घातले. दुकानदार शेजारच्या दुकानाची तारीफ करत नाही, हे जगात सगळीकडे सारखेच!

सिक्स्थ फॉर्म कॉलेजात गणवेश नाही, शिक्षकांना मुले पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्यातल्या मास्तराला ते जड गेले. आम्हाला हिंडवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला मी विचारले, "इथे अभ्यासासाठी कोणी मागे लागते का?" तो हसून म्हणाला, "आठवड्याला पंधराएक तास वर्ग असतात. बाकीचा वेळ आपला. पहिल्या सहामाहीत मी तो सगळा घालवला." इतके खरे उत्तर कोणत्याही तक्त्यावर नव्हते.

तिसरे धंदेशिक्षणाचे कॉलेज. तिथे जायला लेक नाखूश होती, आणि खरे सांगतो, मीही. आपल्या मध्यमवर्गीय डोक्यात 'हुशार मुलांनी तिकडे जायचे नसते' हे पक्के बसले आहे. पण तिथे २०२० पासून सुरू झालेल्या टी लेव्हल नावाच्या अभ्यासक्रमाची माहिती मिळाली. दोन वर्षांचा हा एकच अभ्यासक्रम तीन ए लेव्हलांच्या बरोबरीचा धरतात, आणि त्यात किमान ३१५ तास प्रत्यक्ष कामाच्या जागी काढावे लागतात. इमारतींच्या आराखड्यांचा टी लेव्हल पाहून नात खुलली. तिथल्या बाईंनी मात्र प्रामाणिकपणे बजावले, "काही विद्यापीठे हा चालवून घेतात, काही घेत नाहीत. ज्या विद्यापीठात जायचे असेल त्याला आधी विचारून घे." नात दोन दिवस विचारात होती. मग तिने हे दार बाजूला ठेवले, पण स्वतः पाहून ठेवले.

रात्रीचे बोलणे

त्या रात्री सगळे निजल्यावर लेक आणि मी स्वयंपाकघरात बसलो होतो. मी धीर करून म्हटले, "तुला जे. जे.त जाऊ द्यायला हवे होते का ग?"

ती बराच वेळ कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हा विचारले असते, तर मी कदाचित सायन्सच घेतले असते. पण तुम्ही विचारले नाहीत."

तेहतीस वर्षे मुलांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाने आपल्या घरात एक प्रश्न विचारला नव्हता. मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी लेक, जावई आणि नात एकत्र बसली. लेकीने विद्यापीठांची माहितीपत्रके काढली. डॉक्टर व्हायचे तर रसायन बहुधा लागतेच, इंजिनिअरिंगला गणित आणि बहुतेक ठिकाणी भौतिकशास्त्र लागते. वास्तुशिल्पाला बहुतेक विद्यापीठे ठरावीक विषयांची सक्ती करत नाहीत, पण मुलीने काढलेली चित्रे पाहायला मागणारी पुष्कळ. म्हणजे रसायन सोडल्याने डॉक्टरीचे दार बंद होत होते, इंजिनिअरिंगचे बहुतांशी उघडे राहत होते. लेकीने एवढेच विचारले, "डॉक्टरीचे दार बंद झाले तर चालेल?" नात म्हणाली, "चालेल." शाळा आणि कॉलेज, दोन्हींकडे अर्ज गेले. एकाहून अधिक ठिकाणी अर्ज करायला तिकडे बंदी नाही. दोन्हींकडून 'अमुक श्रेणी मिळाल्यास जागा' अशी सशर्त पत्रे आली. फेब्रुवारीत आम्ही पुण्याला परतलो.

ऑगस्टची दुपार

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. फोन वाजला. चित्रकलेत आठ, भौतिकशास्त्रात सात, आणि गणितात सहा. लेकीचा आवाज पडला होता. शाळेला गणितासाठी सात हवे होते. तिथे आता गणित मिळणार नव्हते. कॉलेजाची अट सहाची होती. त्याच दिवशी तिघे कॉलेजात गेली आणि नाव घालून आली. एकाच ठिकाणी अर्ज करून स्वस्थ बसलो असतो, तर त्या दुपारी धावाधाव झाली असती.

माझ्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज तिकडे आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. संस्थेचे नाव पाहण्याआधी हवे ते तिन्ही विषय एकत्र मिळतात का ते पाहा. सकाळच्या वेळी बसने एकदा स्वतः जाऊन पाहा. प्रत्येक विषयाची अट लेखी वाचा, आणि कमी अटीची एक जागा हाताशी ठेवा. विषय चुकला असे वाटलेच, तर पहिल्या काही आठवड्यांत बदलून मिळण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते; तेव्हा मुलाने तोंड उघडावे इतकी मोकळीक घरात ठेवा.

परवा नातीशी बोललो. म्हणाली, "आजोबा, रोज दीड तास बसमध्ये जातो. आणि भौतिकशास्त्र फार कठीण आहे."

मी विचारले, "मग शाळाच बरी होती का?"

"छे! मी फक्त कठीण आहे असे सांगितले," ती म्हणाली. मग तिने फोन आईकडे दिला, आणि मी लेकीला सहज विचारले, "तुझे काय चालले आहे?"

"काही नाही हो बाबा. हिचे रंग वाळत घातले आहेत, ते बघतेय."