प्रौढ वयातील सायकल-शिक्षण : व्यायामोपदेशातील एक राहून जाणारा प्रश्न

प्रमेह व स्थौल्याच्या रुग्णास ‘रोज अर्धा तास सायकल चालवा’ असे आपण वैद्य सहज सांगून जातो. मीरा रोड येथील आमच्या चिकित्सालयात पन्नाशी उलटलेल्या एका भगिनीस आम्हीही तसेच सांगितले. त्यांनी मान डोलावली. पुढे दोन महिने त्या आल्याच नाहीत. आल्या तेव्हा संकोचाने म्हणाल्या, “डॉक्टर, मला सायकल येतच नाही.” हे आम्ही विचारलेच नव्हते. चूक आमची होती.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रवृद्ध प्रमेहासाठी व्यायाम, नियुद्ध व क्रीडेबरोबरच हत्ती, घोडा, रथ यांवरील संचारही सांगितला आहे. वाहन आले की ते शिकणेही आले. त्यास वयाचा अडसर नाही. टॉलस्टॉय १८९५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकले. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकारंभी साक्षरता चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या.

तोल कसा साधतो?

सायकल ज्या बाजूस कलते त्याच बाजूस हँडल किंचित वळवल्यास चाके पुन्हा शरीरभाराखाली येतात. यासाठी थोडी गती लागते. अतिमंद सायकल म्हणूनच डगमगते. भ्यालेला प्रौढ नेमके उलट करतो. तो वेग कमी करतो, खांदे ताठ करतो व पुढच्या चाकाकडे पाहत राहतो. हे बुद्धीस समजावून सांगता येते, पण शरीरास ते केवळ अभ्यासानेच उमगते. हितकर सवय क्रमाक्रमाने अंगी बाणवावी, हा चरकोक्त उपदेश (सूत्रस्थान, अध्याय ७) येथे तंतोतंत लागू पडतो.

शिकण्याचा क्रम

१. दोन्ही पॅडल काढावीत (डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात) व दोन्ही तळपाय जमिनीवर टेकतील इतकी सीट खाली घ्यावी.

२. प्रथम ब्रेक लावण्याचा सराव करावा.

३. पायांनी जमीन रेटत पुढे जावे व पाय उचलून घरंगळावे. दृष्टी दूरवर ठेवावी.

४. पाच आकडे मोजेपर्यंत पाय न टेकता जाता आले की पॅडल बसवावीत. सीट नंतर हळूहळू वर घ्यावी.

मागून सीट धरून धावणारा मदतनीस या पद्धतीत लागत नाही, आणि पडण्याचे भयही पुष्कळ कमी होते.

पूर्वपरीक्षा व मात्रा

भ्रम, अस्थिक्षय, तीव्र जानुसंधिशूल वा हृद्रोग असल्यास आधी तपासणी करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रक्तशर्करा उतरण्याची शक्यता ध्यानात ठेवून जवळ साखर बाळगावी. हेल्मेट आवश्यकच. आरंभी वीस मिनिटे पुरेत. कपाळ, नाक व काखेत घाम येणे, मुखशोष, तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही अर्धशक्तीची लक्षणे दिसताच थांबावे. वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम शीतकाळी व वसंतात सांगितला असून इतर ऋतूंत त्याहून कमी सांगितला आहे. आपल्याकडे पावसात ओले पेव्हर ब्लॉक निसरडे होतात; म्हणून हिवाळ्यात प्रारंभ करणे उत्तम.

मीरा-भाईंदरमधील गर्दीचे रस्ते नवशिक्यांसाठी नव्हेत. सोसायटीचे आवार किंवा मोकळे मैदान, तेही पहाटे, हे योग्य स्थान. शेजारीपाजारी पाहतील ही लाज अनेकांना पडण्याच्या भीतीपेक्षा जड जाते. पहाटेची वेळ त्यावरही उतारा ठरते.

त्या भगिनी आपल्या नातीसमवेत तीन आठवड्यांत शिकल्या. एकदा गुडघा खरचटला, एवढेच. एका रुग्णावरून चिकित्सेचा निष्कर्ष आम्ही काढत नाही. परंतु सांगितलेला व्यायाम त्या आता खरोखर करतात, आणि ठरल्या दिवशी तपासणीस येतात.

वैद्यबंधू-भगिनींना विनंती इतकीच : व्यायाम लिहून देण्यापूर्वी ‘आपल्याला हे येते का?’ असे अवश्य विचारावे. उत्तर नकारार्थी आले तरी उपदेश बदलण्याची घाई नको. शिकण्याची वाट दाखवणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.