पहाटेचं फूल, पहिली धार

लेखमाला : रानातली चव (भाग ६)

मार्चच्या उत्तरार्धात परतवाड्याहून धारणीकडे निघालं, की मेळघाटातल्या सेमाडोहच्या अलीकडेच एक वास गाठतो. पिकल्या फळासारखा गोड, मागे किंचित आंबूस. सिपना नदीच्या खोऱ्यातले मोह या दिवसांत पानं झाडून उघडे झालेले असतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागलेले असतात. रात्री उमललेलं फूल पहाटे गळतं. फिकट पिवळ्या, रसरशीत पाकळ्यांचा सडा पडू लागला, की कोरकू आदिवासी बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. उजाडायच्या आत यावं लागतं, पण एकट्यानं येणं बरं नाही. अस्वलालाही हे फूल तितकंच आवडतं.

या फुलाची दारू होते. तिच्याकडे वळण्याआधी जरा शहरात डोकावू. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली. ती देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी एक. त्यानंतर ‘या मोसमाची बिअर’ हा शब्द शहरात रुळला. उन्हाळ्यात आंब्याची, कधी कोकम घातलेली, असे घाणे निघू लागले आणि हौशी मंडळी घोट घोट घेऊन त्यांची चव ताडू लागली. मेळघाटात मोसमाचं पेय ही गोष्ट कितीतरी जुनी आहे. मोहाच्या दारूला कोरकू ‘सिडू’ म्हणतात. देवाला, पितरांना तिची धार सोडल्याशिवाय अनेक विधी पुरे होत नाहीत. शहरातल्या बिअरची चव ज्या बारकाईनं पाहिली जाते, त्याच बारकाईनं मोहाकडे पाहिलं तर काय दिसतं, हे या भागात पाहू.

पहिला फरक कच्च्या मालात आहे. बिअर जवापासून होते आणि जवात असतो स्टार्च. यीस्ट स्टार्च खात नाही. म्हणून जव भिजवायचा, त्याला मोड आणायचे, तो वाळवायचा आणि गरम पाण्यात त्याच्याच विकरांकडून स्टार्चची साखर करून घ्यायची, एवढा खटाटोप. मोहफुलाला यातलं काहीच लागत नाही. वाळल्या फुलाच्या वजनात साधारण निम्मा वाटा तयार साखरेचा असतो आणि यीस्टही पाकळीवर आपसूक आलेलं असतं. पाण्यात भिजवून ठेवलं, की काही दिवसांत बुडबुडे दिसू लागतात.

मात्र हे यीस्ट येतं तसं बुरशीही येते. म्हणून चवीचा मोठा भाग भट्टी पेटण्याआधीच ठरून जातो. फूल ओल्या मातीवर पडून राहिलं, तर त्याला मातकट वास लागतो. वाळवताना ढीग जाड झाला किंवा अवकाळी पावसात सापडला, तर ते आंबतं, काळं पडतं. तीन-चार दिवस कडक उन्हात पातळ पसरलेलं फूल मनुक्यासारखं तांबूस होतं आणि हाताला किंचित चिकट लागतं. तोंडात टाकलं तर आधी मनुका, मग खजूर आणि शेवटी जिभेला आवळणारा हलका तुरटपणा. बिअरमध्ये गोडीला तोल देण्यासाठी हॉप्सचा कडवटपणा घालावा लागतो. मोहात तो तोल फुलातच असतो.

झाडाखालचा पाचोळा हा आणखी एक कळीचा मुद्दा. फुलं नीट दिसावीत म्हणून पाचोळा पेटवण्याची जुनी रीत आहे. तीच ठिणगी पुढे वणवा होते, आणि राखेत पडलेल्या फुलाला धुराचा, करपल्याचा वासही धरतो. झाडाखाली जाळी बांधली, तर फूल जमिनीला टेकत नाही. जंगल वाचतं आणि फूल स्वच्छ मिळतं.

ताज्या फुलाच्या वासाची एक गोष्ट तर मेळघाटसारख्या व्याघ्र प्रकल्पातच सांगण्यासारखी आहे. बासमती शिजताना जो सुवास सुटतो, तो मुख्यतः २-असिटाइल-१-पायरोलिन या द्रव्याचा. हेच द्रव्य ताज्या मोहफुलात सापडलं आहे. वाघ हद्द आखण्यासाठी झाडांवर जो फवारा मारतो, त्यातही ते असल्याचं कोलकात्याचे जीवरसायनशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिलं. भात, फूल आणि वाघ यांना जोडणारा हा एक रेणू!

आता भट्टीकडे. बिअर आंबवून थांबते. मोहाचं आंबवण पुढे तापवून गाळलं जातं. मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा कौतुकाचा शब्द झाला आहे, कारण ती सगळ्यात कडक असते. पण ॲसिटाल्डिहाइड २० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, इथाइल ॲसिटेट ७७ला आणि अल्कोहोल ७८ला. त्यामुळे नाकाला झोंबणारी, रंगाच्या थिनरसारखी वाटणारी द्रव्यं सुरुवातीच्या धारेतच गोळा होतात. जाणकार गाळणारा हा पहिला भाग बाजूला काढतो. मधली धार स्वच्छ, फुलाची आणि मनुक्याची. शेवटची धार पाणचट आणि ओल्या कापडासारख्या वासाची. चव पाहायची ती मधल्या धारेची. लहान ग्लासात थोडीशी घेऊन आधी नुसता वास, मग थोडं पाणी घालून पुन्हा वास. पाण्यानं अल्कोहोलची झोंब कमी होते आणि मागे दबलेलं फूल वर येतं. गूळ आणि नवसागर घालून उरकलेल्या हातभट्टीत हे काहीच सापडत नाही. तिच्यात उरते फक्त नशा, आणि तिनं उद्ध्वस्त केलेली घरं मेळघाटानंही पाहिली आहेत.

गोव्याशी तुलना इथे उपयोगी पडते. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली गाळण म्हणजे उर्राक, फक्त उन्हाळ्याचे काही आठवडे मिळणारी, सौम्य. पुन्हा गाळली, की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मोहाच्या वाट्याला मात्र आधी संशय आला. मुंबई इलाख्यात १८९२ साली थेट मोहफुलांवरच कायदा झाला. आजही महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे. फुलं गोळा करणं, साठवणं आणि विकणं यांवरचे निर्बंध राज्यानं २०२१ मध्ये सैल केले.

बाटली मात्र आता येऊ लागली आहे. मद्य-उत्पादक डेस्मंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये मोहाचं मद्य गोव्याच्या बाजारात आणलं. मध्य प्रदेशात अलीराजपूरच्या आदिवासी बचत गटानं ‘मोंड’ काढली. पालघर जिल्ह्यातल्या डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीनं २०२४ मध्ये ‘सिक्स ब्रदर्स माहुरा’ आणली. या बाटल्यांची किंमत आणि पहाटे फूल वेचणाऱ्या बाईच्या हाती पडणारा भाव यांत फार मोठं अंतर आहे. ते कमी करायची एक वाट मेळघाटच्या पायथ्याशीच दिसते. पायविहीर गावानं वनहक्क मिळवून जंगल राखलं आणि आपली सीताफळं स्वतःच्या नावानं शहरात विकली. मोहफुलालाही प्रतवारी, जाळी, कोरडी साठवण आणि गावाचं नाव मिळालं, तर सेमाडोहचं फूल सेमाडोहचं म्हणून विकता येईल. त्यासाठी भट्टीची गरज नाही. लाडू, जॅम, पाक या सगळ्यांना तेच स्वच्छ फूल लागतं.

एप्रिल सरताना सडा विरळ होतो, फांद्यांना तांबूस कोवळी पालवी फुटते आणि फुलांच्या जागी टोळंब्या, म्हणजे मोहाची फळं, धरू लागतात. त्यांच्या बियांचं तेल काढायचं काम पावसाळ्याच्या तोंडावर.

(पुढच्या आठवड्यात : चिखलदऱ्याची कॉफी)