हजार लिटरला किती युनिट?

इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून येतं. नदी आणि शहर यांच्या उंचीत साधारण चारशे मीटरचा फरक, आणि वाटेत विंध्याचा घाट. हजार लिटर म्हणजे एक टन पाणी चारशे मीटर चढवायचं तर शंभर टक्के कार्यक्षम पंपालाही १.१ युनिट वीज लागेल. असा पंप कुठेच नसतो. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली, तर दीड युनिटाहून जास्त. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी मापाने पाच जणांच्या घराला ६७५ लिटर लागतात. म्हणजे घराच्या मीटरवर कधीच न दिसणारं रोजचं एक युनिट त्या घराच्या पाण्याला लागलेलं असतं, आणि यात घाटमाथ्याची जादा चढण, पाइपातलं घर्षण, शुद्धीकरण, वापरून झालेल्या पाण्यावरची प्रक्रिया यांपैकी काहीच धरलेलं नाही. जगभरात २०१४ साली पाणी आणि सांडपाणी या कामांवर एकूण विजेच्या सुमारे ४ टक्के वीज गेली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब आहे.

पाणीपट्टीवर भांडणाऱ्या सभागृहात या विजेचा विषय निघतो तो बिल थकल्यावर. मग उपाय सुचवले जातात आणि त्यांतले बरेचसे ठाम गैरसमजांवर उभे असतात.

‘धरण उंचावर आहे, पाणी आपसूक येईल’

मुंबईकराला हे म्हणायचा थोडा अधिकार आहे. १८९२ सालची तानसा योजना उताराच्याच जोरावर उभी राहिली आणि वैतरणेचं पाणीही बव्हंशी तसंच येतं. पण भातसाचं पाणी पिसे इथे उचलावं लागतं, पांजरापूरला शुद्ध करून पुन्हा पुढे ढकलावं लागतं. पिसे किंवा पांजरापूरची वीज गेली की मुंबईत पाणीकपातीची बातमी येते ती म्हणूनच.

सोलापूरचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. उजनी भरलेली असते तेव्हा तिची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर असते. सोलापूर शहर साधारण ४६० मीटरवर आहे. कागदावर पाणी उतारावरच आहे. तरी पंप लागतात, कारण जलवाहिनी शंभर किलोमीटरहून लांब आहे. मोठ्या पाइपातही किलोमीटरमागे दीड-दोन मीटर दाब घर्षणात जातो. शंभर किलोमीटरला हा आकडा दीडशे-दोनशे मीटर होतो आणि सदतीस मीटरचा उतार त्यात कुठल्या कुठे विरून जातो.

इथे पाइपाच्या व्यासाचं महत्त्व कळतं. तितकंच पाणी नेताना व्यास वीस टक्के वाढवला, तर घर्षण जवळपास चाळीस टक्क्यांवर येतं. पाइप एकदा विकत घ्यायचा असतो, वीज तीस वर्षं. तरीही निविदेच्या वेळी कात्री लागते ती व्यासाला.

‘वीज मोटर खाते, नवी मोटर बसवा’

मोठी मोटर बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांच्या वरच असते. जुनी काढून उत्तम नवी बसवली तरी दोन-चार टक्के मिळतील. खरी गळती शोधायची तर पंपघरात जाऊन दोन प्रेशर गेज बघावेत: एक पंपाच्या तोंडाशी, दुसरा डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या पुढे. (दुसरा गेज बहुधा नसतोच, आणि पहिल्याची काच फुटून काटा एका जागी बसलेला असतो.) समजा पहिल्यावर सहा किलो आहे आणि दुसऱ्यावर साडेचार. विचारलं तर ऑपरेटर सांगतो, ‘व्हॉल्व्ह थोडा मारून ठेवलाय, पूर्ण उघडला तर मोटर ट्रिप होते.’ तो खोटं बोलत नाही. पंप गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की तो नको तितकं पाणी ओढतो, करंट वाढतो, पॅनेल बंद पडतं. म्हणून व्हॉल्व्ह आवळायचा. पण सहातला दीड किलो दाब त्या व्हॉल्व्हमध्येच मेला, म्हणजे पाण्याला दिलेल्या जोरातला चौथा हिस्सा पंपघराच्या भिंतीबाहेरही गेला नाही. रोज, चोवीस तास.

यावरचा इलाज कधीकधी हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त असतो: इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) काढून लेथवर त्याचा व्यास थोडा उतरवायचा, किंवा त्याच पंपात बसणारा लहान इम्पेलर टाकायचा. पण ‘चांगला पंप कापून लहान का केला?’ या लेखापरीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर द्यायची हिंमत कोणात नसते. मोठा पंप का घेतला, हे मात्र कोणी विचारत नाही. सल्लागाराने थोडी सुरक्षितता धरलेली असते, त्यावर खात्याने थोडी, आणि वीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येचा पंप आज चालू होतो.

पंपाची किंमत म्हणजे पंपाचा खर्च, हाही याच घरातला गैरसमज. १०० किलोवॉटचा पंप रोज वीस तास चालला तर वर्षाला ७ लाख ३० हजार युनिट लागतात. युनिटला आठ रुपये धरले तर ५८ लाखांहून जास्त. त्यापुढे खरेदीतली एखाद्या लाखाची बचत कुठे उभी राहते? झिजलेल्या पंपाची कार्यक्षमता पंचाहत्तरवरून साठावर आली, तर त्याच पाण्याला पंचवीस टक्के वीज जादा लागते. पाणी येत असतं, पंप फिरत असतो, तक्रार नसते.

कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर सुधारणं हे योग्यच काम आहे, बिल उतरतं. पण पंप तेवढीच वीज वाया घालवत राहतो, हे विसरू नये.

‘आणखी एक पंप सुरू केला की पाणी दुप्पट’

एकाच जलवाहिनीवर दुसरा पंप लावला की वाहिनीतला प्रवाह वाढतो, आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घर्षण. दोन्ही पंपांना आता जास्त दाबाशी झगडावं लागतं, म्हणून प्रत्येकजण एकटा असताना देत होता त्यापेक्षा कमी पाणी देतो. पाणी वर चढवणाऱ्या अरुंद, लांब वाहिनीवर (रायझिंग मेनवर) दुसऱ्या पंपाने पाणी जेमतेम पाव हिश्शाने वाढलं, असं सहज घडतं.

‘व्हीएफडी लावा, निम्मी वीज वाचवा’

व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. विक्रेता जो तक्ता दाखवतो तो खरा आहे: वेग वीस टक्के कमी केला तर पंपाची शक्ती जवळपास निम्मी होते. फक्त हा नियम जिथे सगळा विरोध घर्षणाचा आहे तिथला. आपल्याकडे बहुतेक जागी पाणी उंचावर चढवायचं असतं आणि उंची वेगाप्रमाणे कमी होत नाही. समजा टाकी नव्वद मीटर उंच आहे आणि पंप पूर्ण वेगात, व्हॉल्व्ह बंद असताना, सव्वाशे मीटरपर्यंत दाब देऊ शकतो. वेग पंधरा टक्के उतरवला की तो दाब नव्वदवर येतो. पंप फिरत राहतो, मोटर वीज घेत राहते, आणि टाकीत थेंबही पडत नाही. शिवाय व्हीएफडी स्वतः तीन-चार टक्के खातो. सखल शहरातल्या वितरणाच्या पंपांना, मागणी तासागणिक बदलते तिथे, तो सोन्यासारखा आहे. धरणातून पाणी उचलणाऱ्या जॅकवेलच्या पंपांना तो बहुधा शोभेचाच.

‘गळती हा पाण्याचा तोटा आहे’

आणि विजेचाही. इंदूरच्या गल्लीत फुटलेल्या पाइपातून वाहून गेलेलं हजार लिटर पाणी दीड युनिट घेऊनच गटारात उतरलेलं असतं. म्हणून ज्या शहराचं पाणी जितकं खालून येतं, त्या शहराने गळती तितक्या त्वेषाने शोधायला हवी. दाब वाढला की गळतीही साधारण त्याच प्रमाणात वाढते. रात्री सगळे झोपलेले असताना वाहिन्यांतला दाब उतरवणं ही त्यामुळे पाण्याची आणि विजेची अशी दोन्हींची बचत असते.

याच्या पोटात एक मोठा गैरसमज आहे: चोवीस तास पाणी ही चैन आहे, तास-दोन तास सोडणं ही काटकसर. हिशेब करून पाहावा. दिवसभराचं पाणी चार तासांत द्यायचं तर त्याच पाइपांतून सहापट प्रवाह वाहतो आणि घर्षण छत्तीसपटीच्या आसपास जातं. शेवटच्या गल्लीत दाब उरत नाही. मग प्रत्येक घरात जमिनीत टाकी, वर टुल्लू पंप, गच्चीवर दुसरी टाकी. टुल्लू शहराच्या मोठ्या पंपाच्या निम्म्या कार्यक्षमतेनेही चालत नाही, आणि थेट नळाला जोडला तर भेगांतून बाजूचं घाण पाणी आत खेचतो. नगरपालिकेच्या बिलातून गेलेली वीज अशी हजारो घरांच्या बिलांत जाऊन बसते. तिची बेरीज कोणी करत नाही. साताऱ्यातल्या मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. मोठ्या शहरांना ते जड जातं, कारण मीटर म्हटलं की मतं आठवतात.

‘सोलर लावलं की प्रश्न मिटला’

इंदूर महापालिकेने २०२३ साली हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले, ते जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. पाऊल चांगलं आहे. पण सौर वीज म्हणजे विजेचा वेगळा उगम. पंप साठ टक्क्यांचा असेल तर तो सूर्याचीही चाळीस टक्के वीज वाया घालवेल. आधी पंप आणि गळती, मग पॅनेल, हा क्रम ठेवला तर पॅनेलही कमी लागतात.

‘सांडपाणी केंद्र म्हणजे नुसता विजेचा खड्डा’

नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रात निम्मी किंवा त्याहून अधिक वीज एकाच कामाला जाते: टाकीत हवा सोडायला. जिवाणूंना घाण खायला प्राणवायू लागतो. लिटरमागे दोन मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू सहसा पुरतो. पण तो मोजणारा मीटर बंद, हवा सोडणारा ब्लोअर पूर्ण वेगात, अशा केंद्रात तो चारवर गेलेला असतो. आपल्या हवामानात पाणी फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरतं. दोनवर असताना साडेपाचाची भूक शिल्लक असते, चारवर साडेतीनाचीच. म्हणजे तेवढाच प्राणवायू विरघळवायला दीडपट हवा. ही उधळपट्टी प्राणवायूचा एक मीटर वेळेवर साफ ठेवला तर थांबते.

काही ठिकाणी मात्र बिल वाचवायला केंद्रच बंद ठेवतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होतं, प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३५ दशलक्ष लिटरवर. बंद केंद्राने वाचवलेली वीज खालच्या गावाला नदीचं पाणी शुद्ध करताना मोजावी लागते. उलट नागपूरच्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं आणि तेवढं धरणातलं पाणी शहरासाठी राहतं.

सांडपाण्यात ऊर्जाही असते. गाळ हवाबंद टाकीत कुजवला की मिथेन मिळतो. सुरत आणि चेन्नईत त्या वायूवर जनित्रं चालवून केंद्राची बरीचशी वीज भागवलेली आहे. ऑस्ट्रियातलं श्ट्रास इथलं केंद्र तर लागते त्याहून जास्त वीज तयार करतं. आपल्याकडे हे सर्रास का होत नाही, याचं उत्तर बहुधा केंद्र उभं राहण्याआधीच ठरलेलं असतं. सध्या पसंतीची एसबीआर पद्धत (हवा देणं आणि गाळ बसवणं एकाच टाकीत, पाळीपाळीने) कमी जागा घेते आणि पाणी छान स्वच्छ करते, पण तिच्यात सहसा सुरुवातीची गाळ बसवायची टाकी नसते. वायू देणारा सकस गाळ असतो तो तिथलाच. तो वेगळा न काढता सरळ हवेच्या टाकीत जातो, आणि ज्या घाणीतून वीज मिळाली असती तिलाच जाळायला ब्लोअर वीज खर्च करतो.